निःपक्षतेचे दोन अर्थ : अमेरिकेतील न्यायाधीशपदाच्या पक्षविरहित निवडणुका

मराठीत 'पक्ष' हा शब्द दोन क्षेत्रांत सारख्याच सहजतेने वावरतो. निवडणूक लढविणारी संघटना हा एक पक्ष, आणि न्यायालयात फिर्याद किंवा बचाव घेऊन उभी राहणारी व्यक्ती हाही एक पक्षच. इंग्रजीतील 'पार्टी' या शब्दाचीही स्थिती अशीच आहे. त्यामुळे 'निःपक्ष न्यायाधीश' असे म्हटले की त्यातून दोन अर्थ संभवतात. ज्याच्या पाठीशी कोणताही राजकीय पक्ष नाही असा न्यायाधीश, हा एक अर्थ. आणि वादी-प्रतिवादींपैकी कोणाकडेही ज्याचे मन आधीपासून झुकलेले नाही असा न्यायाधीश, हा दुसरा. पहिल्या अर्थाची व्यवस्था निवडणुकीच्या कायद्याने लावता येते. दुसऱ्या अर्थाची हमी कोणत्याही मतपत्रिकेवर छापता येत नाही. तथापि पहिला अर्थ साधला म्हणजे दुसराही बऱ्याच अंशी साधेल, अशा विश्वासावर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कित्येक घटक राज्यांनी आपली खालची न्यायालये उभारलेली आहेत. हा विश्वास कितपत खरा ठरला, आणि न्यायाधीशपदासाठी मते मागणाऱ्या उमेदवारास नेमके काय बोलता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. पूर्वपीठिका

अमेरिकेत दोन न्यायव्यवस्था शेजारी शेजारी नांदतात. केंद्रीय न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने करतो आणि ती सद्वर्तन असेतोवर, म्हणजे व्यवहारतः आजन्म टिकते. घटक राज्यांची न्यायालये मात्र निराळी आहेत. घटस्फोट, घरभाडे, अपघाताची भरपाई, चोरी, मारामारी, खून असे सामान्य माणसाच्या वाट्याला येणारे बहुतेक खटले या राज्य न्यायालयांपुढेच चालतात. आणि त्यांतही साक्षीपुरावा प्रत्यक्ष ऐकून पहिला निकाल देणारी जी स्थानिक न्यायालये, त्यांच्यापलीकडे बहुसंख्य पक्षकार कधी जातच नाहीत. या स्थानिक न्यायालयांचे न्यायाधीश अनेक राज्यांत लोक निवडून देतात.

ही पद्धत प्रारंभापासूनची नव्हे. सर्व न्यायाधीश लोकनिर्वाचित करणारे पहिले राज्य मिसिसिपी होय. त्याने १८३२ साली हा मार्ग स्वीकारला. न्यूयॉर्कने १८४६ च्या राज्यघटनेत त्याचे अनुकरण केले आणि त्यानंतर इतर राज्यांनी वेगाने तोच क्रम धरला. या सुधारणेमागील हेतू समजून घेतला पाहिजे. गव्हर्नर आणि विधिमंडळ आपल्या मर्जीतील माणसांना न्यायाधीशपदे वाटतात, ती वाटणी बंद व्हावी आणि न्यायाधीशाने आपला अधिकार थेट लोकांकडून घ्यावा, असा तो हेतू होता. म्हणजे लोकनिर्वाचन हे त्या काळी न्यायालयांच्या स्वातंत्र्याचे साधन मानले गेले.

परंतु अर्ध्या शतकात चित्र पालटले. गव्हर्नराच्या हातून सुटलेली पदे राजकीय पक्षांच्या स्थानिक पुढाऱ्यांच्या हाती गेली. १९०६ साली सेंट पॉल येथे अमेरिकन बार असोसिएशनपुढे दिलेल्या गाजलेल्या व्याख्यानात रॉस्को पाउंड या विधिपंडिताने न्यायदानाविषयीच्या लोकांच्या असंतोषाची मीमांसा केली. न्यायालये राजकारणात ओढल्यामुळे आणि न्यायाधीशांना राजकारणी होण्यास भाग पाडल्यामुळे न्यायपीठाविषयीचा परंपरागत आदर जवळजवळ लोपला आहे, असे त्याचे म्हणणे होते. यावर दोन उपाय पुढे आले. एक उपाय म्हणजे निवडणूक ठेवावी, परंतु मतपत्रिकेवरून पक्षाचे नाव काढून टाकावे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हा विचार बळावला. मिनेसोटा राज्यात १९१२ पासून न्यायाधीशांच्या निवडणुका पक्षविरहित आहेत. दुसरा उपाय मिसूरी राज्याने १९४० साली योजिला. त्यात तज्ज्ञांच्या समितीने नावे सुचवावयाची, गव्हर्नराने त्यांतून नेमणूक करावयाची, आणि काही काळाने हा न्यायाधीश राहावा की जावा एवढेच मतदारांना विचारावयाचे. या लेखाचा संबंध पहिल्या उपायाशी आहे.

२. उमेदवारीचा मार्ग

मिनेसोटाचे उदाहरण घेतल्यास उमेदवारीचे स्वरूप स्पष्ट होईल. तेथील जिल्हा न्यायालय हे प्रथम सुनावणीचे न्यायालय. राज्याचे दहा न्यायिक विभाग पाडलेले असून न्यायाधीशाची मुदत सहा वर्षांची असते. न्यायाधीश कायद्यात व्युत्पन्न असला पाहिजे, असे राज्यघटना सांगते. व्यवहारात याचा अर्थ वकिलीची सनद असलेला मनुष्य असा घेतला जातो. उमेदवाराने विहित मुदतीत प्रतिज्ञापत्र आणि ३०० डॉलर शुल्क भरावयाचे असते. आपल्याकडील अनामत रकमेसारखी ही रक्कम परत मिळत नाही. विशेष असे की उमेदवार न्यायालयाच्या एका ठराविक खुर्चीसाठीच उभा राहतो, आणि त्या खुर्चीवर सध्या कोण बसले आहे हे अर्ज भरतेवेळीच ठरलेले असते. त्यामुळे आव्हान देणारा वकील एका विशिष्ट न्यायाधीशाविरुद्ध उभा राहतो, आणि पराभूत झाल्यास कदाचित त्याच न्यायाधीशापुढे अशिलाची बाजू मांडावयास त्याला पुन्हा जावे लागते. आव्हाने विरळ का होतात, याचे एक कारण यात आहे.

दुसरे कारण रिक्त जागा भरण्याच्या पद्धतीत आहे. मुदत संपण्यापूर्वीच न्यायाधीश निवृत्त झाला किंवा निधन पावला, तर गव्हर्नर नवी नेमणूक करतो आणि नेमलेला न्यायाधीश, नेमणुकीस एक वर्ष उलटल्यानंतर येणाऱ्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उभा राहतो. म्हणजे मतदारांपुढे प्रथम येतेवेळी तो खुर्चीवर बसलेलाच असतो. एका जागेसाठी दोहोंपेक्षा अधिक उमेदवार असले तरच प्राथमिक निवडणूक होते. एरवी नावे थेट नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर जातात.

३. मतपत्रिकेवरील शब्द

पक्षाचे नाव काढून टाकल्यानंतर मतपत्रिकेवर काय उरते, हा प्रश्न भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पक्षाचे नाव हा मतदाराला मिळणारा एक संक्षिप्त निर्देश असतो. उमेदवाराची व्यक्तिशः माहिती नसली तरी त्या एका शब्दावरून मतदार काही अनुमान करू शकतो. तो शब्द गेला की अनुमानाची गरज मात्र जात नाही, आणि उरलेल्या प्रत्येक शब्दावर तिचा भार येऊन पडतो. पुष्कळ मतदार ही जागा कोरीच सोडतात. जे सोडत नाहीत ते नाव परिचयाचे आहे काय, ते स्त्रीचे की पुरुषाचे, कोणत्या वंशाचे वाटते, अशा खुणांचा आधार घेतात.

मिनेसोटात न्यायाधीशाच्या निवडणुकीत विद्यमान पदाधिकाऱ्याच्या नावापुढे 'पदस्थ' या अर्थाचा शब्द छापला जातो. पक्षाचे नाव नसलेल्या मतपत्रिकेवर या एका शब्दाचे वजन किती वाढत असेल, हे सांगावयास नको. कॅलिफोर्नियात याहून पुढची गोष्ट आढळते. तेथील सुपीरिअर कोर्टाच्या उमेदवारास आपल्या नावाखाली व्यवसाय छापता येतो, आणि त्यासाठी सामान्यतः तीन शब्दांची मर्यादा असते. या तीन शब्दांवर उमेदवारांनी फार विचार केला. सरकारी वकिलाच्या कचेरीत काम करणारे कित्येकजण नुसते 'सरकारी वकील' न म्हणता, आपण टोळ्यांच्या खुनांचे किंवा मुलांवरील अत्याचारांचे खटले चालविणारे वकील आहोत असे तीन शब्दांत बसवू लागले. वर्णन खोटे नसे. तथापि त्यातून जी भीती आणि जो भरवसा मतदाराच्या मनात उभा राही, तो 'वकील' या शब्दातून राहत नसे. आणि बचावाची बाजू घेणाऱ्या वकिलाला तितका परिणामकारक शब्द सापडणे कठीण होते. अखेर २०१७ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने कायदा करून न्यायाधीशपदाच्या उमेदवारांपुरते हे स्वातंत्र्य आखडले : सरकारी सेवेतील वकिलाने आपल्या पदाचे अधिकृत नाव द्यावे आणि खाजगी व्यवसाय करणाऱ्याने 'वकील' या अर्थाचा ठरवून दिलेला शब्द वापरावा. तीन शब्दांच्या जागेसाठी विधिमंडळाला कायदा करावा लागला, यावरून त्या जागेचे मोल ध्यानात येते.

४. मत देणे आणि मत सांगणे

मराठीत 'मत' हा एकच शब्द मतपेटीत पडणाऱ्या मताला आणि मनातील अभिप्रायाला लागू पडतो. मिनेसोटातील जुन्या नियमाचे वर्णन त्यामुळे मराठीत एका वाक्यात करता येते : मतदाराने मत द्यावयाचे, परंतु उमेदवाराने मत सांगावयाचे नाही. १९७४ पासून तेथील न्यायिक आचारसंहितेत असे कलम होते की न्यायाधीशपदाच्या उमेदवाराने विवाद्य कायदेविषयक किंवा राजकीय प्रश्नांवर आपले मत जाहीर करू नये. याला मतप्रकटनाचे कलम म्हणता येईल. याखेरीज, कर्तव्य निष्ठेने व निःपक्षपातीपणे बजावीन एवढे वगळता पदावरील वर्तनाविषयी कोणतेही वचन देऊ नये, असे एक स्वतंत्र कलम होते. ते वचनाचे कलम.

१९९६ साली ग्रेगरी वर्सल या वकिलाने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जागेसाठी उमेदवारी केली आणि गुन्हेगारी, सार्वजनिक साहाय्य व गर्भपात यांविषयी त्या न्यायालयाने दिलेल्या काही निर्णयांवर टीका करणारी पत्रके वाटली. त्याच्याविरुद्ध तक्रार झाली. ती पुढे काढून टाकण्यात आली, तरी आपली सनद धोक्यात येईल या भीतीने त्याने माघार घेतली. १९९८ च्या निवडणुकीच्या वेळी त्याने नियमालाच आव्हान दिले. हा नियम खालच्या न्यायालयांच्या उमेदवारांनाही तसाच लागू असल्याने निकालाचे महत्त्व मोठे होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली पाच विरुद्ध चार अशा बहुमताने मतप्रकटनाचे कलम भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून रद्द ठरविले.

बहुमताचा निर्णय न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी लिहिला. 'निःपक्षता' या शब्दाचे त्यांनी त्यात केलेले पृथक्करण कोशकारालाही उपयोगी पडावे असे आहे. त्यांच्या मते या शब्दाला तीन अर्थ देता येतात. वादातील कोणत्याही पक्षकाराविषयी कल नसणे, हा पहिला. मतप्रकटनाचे कलम पक्षकारांविषयी नसून प्रश्नांविषयी असल्यामुळे या अर्थाशी त्याचा मेळ बसत नाही. कोणत्याही कायदेविषयक भूमिकेबद्दल पूर्वग्रह नसणे, हा दुसरा. परंतु कायद्याविषयी कसलेही मत नसलेला न्यायाधीश मिळणे जवळजवळ अशक्य, आणि मिळाला तरी तो इष्ट नव्हे. मन खुले ठेवणे, हा तिसरा. पण उमेदवारीपूर्वी किंवा पद मिळाल्यानंतर व्यक्त केलेली मते या नियमाच्या कक्षेत येत नसल्यामुळे, निवडणुकीच्या थोड्या दिवसांपुरते मौन लादून मन खुले राहते असे म्हणता येत नाही.

न्यायमूर्ती सॅन्ड्रा डे ओकॉनर बहुमताशी सहमत होत्या. ॲरिझोनातील मॅरिकोपा काउंटीच्या सुपीरिअर कोर्टावर त्या स्वतः १९७४ साली निवडून आल्या होत्या. त्यांनी आपल्या स्वतंत्र टिपणात निवडणूक पद्धतीवरच बोट ठेवले : न्यायाधीशांच्या निःपक्षतेविषयी राज्याला चिंता वाटत असेल, तर ती लोकनिर्वाचन चालू ठेवून राज्याने स्वतःच ओढवून घेतली आहे, असा त्यांचा आशय होता.

५. वचन कशाला म्हणावे?

मतप्रकटनाचे कलम गेले. वचनाच्या कलमाला निकालाने हात लावला नाही. म्हणजे मत आणि वचन यांत भेद करण्याची जबाबदारी आता उमेदवारावर येऊन पडली. हा भेद मुळात वाक्कृतीचा आहे. इंग्लंडमधील तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे दाखवून दिले की बोलणे हे केवळ माहिती देणे नसते. काही वाक्ये उच्चारताच एक कृती घडते. वचन हे त्याचे ठळक उदाहरण होय. 'वचन देतो' असे म्हणणे हेच वचन देणे.

तीन वाक्ये कल्पून पाहावीत. 'मद्यपान करून मोटार चालविणाऱ्यांना होणाऱ्या शिक्षा सौम्य आहेत.' हे मत झाले. 'असा प्रत्येक आरोपी माझ्यापुढे आला तर त्याला मी तुरुंगात पाठवीन.' हे उघड वचन झाले, आणि ते निषिद्ध आहे. 'पंधरा वर्षे सरकारी वकील म्हणून मी अशा आरोपींना तुरुंगात पाठविले आहे.' व्याकरणाच्या दृष्टीने हे भूतकाळाचे निवेदन होय. त्यात ना मत, ना वचन. परंतु प्रचाराच्या सभेत हे वाक्य ऐकणारा मतदार त्यातून भविष्यकाळच ऐकतो. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर अभिधेने हे निवेदन आहे आणि व्यंजनेने वचन.

न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्या भिन्नमतपत्रिकेतील एक मुख्य मुद्दा नेमका हाच होता. वचनाचे कलम एकटे उभे राहिले तर 'वचन देतो' हे शब्द टाळून कोणीही त्याला बगल देऊ शकेल, आणि मतप्रकटनाचे कलम हीच पळवाट बंद करण्यासाठी होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोन्ही न्यायमूर्तींच्या म्हणण्यात तथ्य आहे. मत आणि वचन या भिन्न कृती आहेत, हे स्कालिया यांचे गृहीत भाषाशास्त्राला मान्य होईल. त्या दोहोंतील सीमा शब्दांवरून आखता येत नाही, हे गिन्सबर्ग यांचे निरीक्षणही तितकेच मान्य करावे लागेल. अमेरिकन बार असोसिएशनच्या २००७ च्या आदर्श आचारसंहितेत, न्यायालयापुढे येण्याचा संभव असलेल्या प्रश्नांविषयी निःपक्ष न्यायदानाशी विसंगत अशी वचने किंवा बांधिलकी यांना मनाई आहे. 'बांधिलकी' हा व्यापक शब्द योजून सूचित वचनालाही कक्षेत आणण्याचा हा प्रयत्न दिसतो.

६. याचना

बोलण्याची आणखी एक कृती या निवडणुकीत अडचणीची ठरते. ती म्हणजे पैशाची मागणी. फ्लॉरिडात काउंटी न्यायालयाचे न्यायाधीश पक्षविरहित निवडणुकीने येतात. २००९ साली हिल्सबरो काउंटीतील लॅनेल विल्यम्स-यूली या वकील महिलेने उमेदवारी जाहीर करून स्वतःच्या सहीचे पत्र मतदारांना पाठविले व वर्गणी मागितली. राज्याच्या आचारसंहितेनुसार न्यायाधीशपदाच्या उमेदवाराने स्वतः वर्गणी मागावयाची नसते. ते काम त्याच्या समितीने करावयाचे असते. पत्रातून पैसा आला नाही, निवडणुकीत त्या पराभूत झाल्या, आणि वर शिस्तभंगाची कारवाई होऊन त्यांना जाहीर ताकीद मिळाली व खर्च भरावा लागला.

२०१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा नियम ग्राह्य ठरविला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या विवेचनाचा रोख असा, की न्यायाधीश मतपेटीतून आला तरी तो राजकारणी होत नाही, आणि ज्याच्यापुढे उद्या आपला खटला चालावयाचा आहे त्यानेच समोर येऊन पैसे मागितले तर वकिलाला किंवा पक्षकाराला नकार देणे अवघड जाते. विरोधी मताच्या न्यायमूर्तींनी दाखवून दिले की समितीने मागितलेला पैसा त्याच उमेदवाराच्या कामी येतो. फ्लॉरिडात देणगीदाराला आभाराचे पत्र लिहिण्याची उमेदवारास मुभाही आहे. म्हणजे येथेही कायद्याने आशयाकडे न पाहता वक्ता कोण आहे याकडे पाहिले. तेच शब्द समितीच्या तोंडी विनंती ठरतात आणि उमेदवाराच्या तोंडी दडपण. भाषिक व्यवहाराचा हा भेद काल्पनिक नव्हे; मागणी करणाऱ्याचे स्थान हा मागणीच्या अर्थाचाच भाग असतो.

७. परिणाम

हे सर्व नियम ज्याच्यासाठी आहेत तो मनुष्य म्हणजे न्यायालयापुढे उभा असलेला पक्षकार. त्याच्या दृष्टीने पाहता पक्षविरहित निवडणुकीने निःपक्षता साधते काय? वॉशिंग्टन राज्यात सुपीरिअर कोर्टाचे न्यायाधीश दर चार वर्षांनी पक्षविरहित निवडणुकीस सामोरे जातात. कार्लोस बेर्देहो आणि नोअम युक्टमन या संशोधकांनी तेथील शिक्षांचा अभ्यास करून २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, गंभीर गुन्ह्यांतील शिक्षा मुदतीच्या प्रारंभापेक्षा निवडणूक जवळ आलेल्या काळात सुमारे १० टक्के अधिक दीर्घ असतात. कोणी वचन दिलेले नसते, कोणी मत जाहीर केलेले नसते, मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते. तरीही शिक्षा केव्हा झाली यावर तिचा काळ काही अंशी अवलंबून राहतो. आरोपीला आपला खटला कोणत्या महिन्यात निघावा हे ठरविता येत नाही.

कॅलिफोर्नियातील सांता क्लारा काउंटीत घडलेली घटना याच गोष्टीची दुसरी बाजू दाखविते. जून २०१६ मध्ये आरन पर्स्की या न्यायाधीशाने लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात दोषी ठरलेल्या तरुणास सहा महिन्यांच्या कैदेची शिक्षा दिली. ती अत्यंत सौम्य म्हणून देशभर संताप उसळला. त्याच महिन्यात तो न्यायाधीश पुन्हा निवडून आला होता. प्रतिस्पर्धी नसल्यामुळे नियमाप्रमाणे त्याचे नाव मतपत्रिकेवर आलेच नव्हते. न्यायाधीशांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या राज्य आयोगाने डिसेंबर २०१६ मध्ये त्याला दोषमुक्त ठरविले, आणि ५ जून २०१८ रोजी मतदारांनी त्याला पदावरून परत बोलाविले. कॅलिफोर्नियात १९३२ नंतर न्यायाधीशाला असे परत बोलाविण्याची ही पहिलीच वेळ. शिक्षा योग्य की अयोग्य याविषयी मतभेद संभवतो; ज्या स्त्रीवर अत्याचार झाला तिच्या बाजूने उमटलेला लोकांचा क्षोभही समजण्यासारखा आहे. परंतु दोन वर्षांच्या अवधीत एकाच न्यायाधीशाला मतदारांनी प्रथम न पाहता निवडले आणि नंतर एका निकालावरून काढले. या दोन टोकांच्या मध्ये त्याच्या एकंदर कामाचे परीक्षण व्हावे अशी सोय पक्षविरहित निवडणुकीत आढळत नाही. प्रलंबित खटल्याविषयी बोलू नये हे बंधन न्यायाधीशावर असल्याने, त्याला स्वतःची बाजूही पुरती मांडता येत नाही.

८. उपसंहार

भारतीय वाचकाला हा सर्व प्रकार दूरचा वाटेल. आपल्या राज्यघटनेच्या २३३ व्या अनुच्छेदानुसार जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून राज्यपाल करतात; मतदाराचा तिच्याशी संबंध येत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली स्वीकारलेल्या न्यायिक मूल्यांच्या निवेदनातही, न्यायनिर्णयासाठी येण्याचा संभव असलेल्या विषयांवर न्यायाधीशाने जाहीर मत देऊ नये, असे तत्त्व आहे. मिनेसोटाच्या जुन्या कलमाशी त्याचे साम्य सहज लक्षात येते. फरक इतकाच की येथील न्यायाधीशाला कोणाचे मत मिळवावयाचे नसल्यामुळे मौन पाळणे त्याला जड जात नाही. तेथे मौन पाळणारा उमेदवार मतदाराला अंधारात ठेवतो, आणि बोलणारा उमेदवार उद्याच्या पक्षकाराला शंकेत टाकतो.

पक्षाचे नाव काढून टाकल्याने काहीच साधले नाही, असा याचा अर्थ करू नये. पक्षाच्या पुढाऱ्यांच्या हातून न्यायाधीशांची नावे ठरविण्याची सत्ता त्यामुळे पुष्कळ अंशी सुटली, आणि १९१२ च्या सुधारकांना अभिप्रेत असलेला पहिला अर्थ सिद्ध झाला. दुसऱ्या अर्थाचे काम मात्र राहून गेले आहे. ते मतपत्रिकेवरील शब्द खोडून होणारे नाही. न्यायाधीशाच्या कामाचे नियमित व जाहीर मूल्यमापन, मुदतीची लांबी, रिक्त जागा भरण्याची रीत आणि वर्गणीचे नियम या गोष्टींकडे त्यासाठी पाहिले पाहिजे. 'निःपक्ष' या एका शब्दात दोन अर्थ नांदत असले, तरी राज्यकर्त्यांनी आणि मतदारांनी ते एकच आहेत असे समजून चालणे इष्ट नव्हे.